खरेदीचे वर्ष उलटले तरी

इमारत घेतली त्याच वर्षी कॉस्ट सेग्रिगेशनचा (म्हणजे इमारतीची किंमत वेगवेगळ्या घटकांत विभागून काहींवर घसारा लवकर मिळवण्याचा) अहवाल करून घेतला नाही तर ती करसवलत कायमची गेली, असे वरच्या प्रतिसादात म्हटले आहे; ते मत मला मान्य नाही. अमेरिकेत व्यापारी इमारतीवरचा घसारा (किमतीचा दरवर्षी उत्पन्नातून वजा होणारा भाग) ३९ वर्षांत समान दराने मिळतो. मात्र गालिचे किंवा यंत्रांसाठीची खास वीजजोडणी असे घटक ५ वा ७ वर्षांच्या, आणि वाहनतळाचे डांबरीकरण, कुंपण वगैरे १५ वर्षांच्या गटात जातात. ही विभागणी तेव्हा राहून गेली असेल, तर फॉर्म ३११५ (हिशेबाची पद्धत बदलण्याचा करखात्याकडचा अर्ज) भरून, जुनी विवरणपत्रे दुरुस्त न करता, मागचा सगळा राहिलेला घसारा चालू वर्षातच वजा करता येतो. बोनस घसाऱ्याचा, म्हणजे अशा कमी मुदतीच्या घटकांवर पहिल्याच वर्षी मिळणाऱ्या जादा वजावटीचा, दर मात्र इमारत वापरात आली त्या वर्षाचाच लागतो: साधारणपणे २०२२ साठी १०० टक्के, २०२३ साठी ८० आणि २०२४ साठी ६०.

इमारत लवकर विकायचा विचार असलेल्यांनी ही विभागणी करण्याची घाई करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण ५ आणि ७ वर्षांच्या घटकांवर घेतलेला घसारा विक्रीत नफा झाल्यास त्या मर्यादेपर्यंत साधारण उत्पन्न म्हणून (पगारासारख्या नेहमीच्या दराने) करपात्र ठरतो, तर मूळ इमारतीच्या घसाऱ्यावरचा कराचा दर जास्तीत जास्त २५ टक्के असतो.