मदत हवी आहे: डीएलएलमधून कन्सोल उघडतो, पण मूळ प्रोग्रॅमचं आउटपुट येत नाही
नमस्कार मंडळी, विंडोजवरच्या एका जुन्या ग्राफिकल प्रोग्रॅममध्ये माझी सी++ डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडली जाणारी कोडची फाइल) लोड होते. तिच्यात अलॉककन्सोल (कन्सोल, म्हणजे मजकुराची खिडकी, उघडणारं विंडोजचं फंक्शन) बोलावून फ्रीओपनने एसटीडीआउट (आउटपुटचा प्रवाह) कन्सोलच्या 'कॉनआउट$'कडे आणि एसटीडीइन (इनपुटचा प्रवाह) 'कॉनइन$'कडे वळवलं. डीएलएलमधले प्रिंटएफ (मजकूर छापणारं), स्कॅनएफ (मजकूर वाचणारं) व्यवस्थित चालतात. मूळ प्रोग्रॅमची मात्र एकही ओळ उमटत नाही.

माझा अंदाज असा की दोघांतही सी रनटाइम (प्रिंटएफसारखी फंक्शन्स पुरवणारी लायब्ररी) स्टॅटिक लिंक आहे, म्हणजे प्रत्येकात तिची स्वतंत्र प्रत आहे, म्हणजे प्रत्येकाचा एसटीडीआउट वेगळा. दोन्हीकडे डीएलएलवालं (एकच सामायिक) रनटाइम वापरलं तर सुटेल, पण मूळ सोर्स माझ्याकडे नाही. सेटएसटीडीहँडलही (आउटपुटचं हँडल, म्हणजे ते कुठे जायचं याचा दुवा, बदलणारं फंक्शन) करून पाहिलं. मूळ प्रोग्रॅमचं रनटाइम सुरू होतानाच हँडल वाचून ठेवतं, त्यामुळे फरक पडला नाही.

राइटफाइल (विंडोजचं लिहिण्याचं फंक्शन) हुक करणं, म्हणजे त्याचे कॉल मध्येच अडवून आपल्याकडे वळवणं, हाच मार्ग उरतो का? कुणी केलं असेल तर कृपया सांगा, चार दिवस अडकलोय. शिवाय कन्सोलची खिडकी बंद केली की अख्खा प्रोग्रॅमच बंद पडतो, तेही टाळायचंय.