मदत हवी आहे: नदीकाठच्या बागेचा उतार पावसात कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीलगतचा नदीकाठचा एक लांबट पट्टा कित्येक वर्षं पडीक होता. राडारोडा, प्लास्टिक आणि घाणेरीचं रान. रीतसर परवानगी घेऊन आम्ही काही जण तिथे सगळ्यांसाठी खुली बाग करतोय. वरचा सपाट भाग मोकळा झालाय, मुलं खेळायला येऊ लागलीत. फार बरं वाटतं.

खरी अडचण उताराची आहे. घाणेरी मुळासकट काढली की माती उघडी पडते, आणि पहिल्याच जोराच्या सरीत ती नदीत जाईल अशी धास्ती वाटते. काही जण दगडी भिंत सुचवतात. मला ते पटत नाही. भिंतीवर आपटलेल्या प्रवाहाचा जोर तिच्या पायथ्यावर आणि पुढच्या काठावर निघतो, शिवाय बेडूक-पक्ष्यांचा आसरा जातो. त्यापेक्षा वाळा (खस गवत) लावावा असं वाटतं. त्याची मुळं सरळ खाली 3-4 मीटरपर्यंत जातात. पाण्याजवळ वाळुंज (नदीकाठी वाढणारं झाड), कारण त्याच्या नुसत्या फांद्या खोचल्या तरी रुजतात.

वाळ्याच्या ओळी उताराला आडव्या, समपातळीत हव्यात हे ठाऊक आहे, पण दोन ओळींत अंतर किती ठेवावं? मुळं धरेपर्यंत काथ्याची जाळी पुरेल का? घाणेरी पुन्हा फुटू नये म्हणून औषध न फवारता काय करता येईल? नदीला लागून फवारणी नकोच.

आणि बाकं पूररेषेच्या वरच ठेवावीत, की खाली पक्की रोवलेली चालतील? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.