नारळ प्रक्रिया केंद्र बागायतदारांनी स्वतः चालवावं का? (चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

माडाखाली
नारळ पिकवणाऱ्याच्या हातात दर का नसतो, ते वजनकाट्यापाशी उभं राहिलं की कळतं. ताज्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. नीट वाळलेल्या खोबऱ्यात ते सहा टक्क्यांच्या आसपास यावं लागतं. उन्हात वाळवायला आठवडा जातो, आणि मध्ये एक सर आली की वाटीला बुरशी धरते. मग व्यापारी वाटी उचलतो, बोटांनी दाबून बघतो, "अजून ओलं आहे" म्हणतो आणि वजनात मनाला येईल तेवढी तूट धरतो. शेतकऱ्याकडे ओलावा मोजायला काहीच नाही, त्यामुळे तो बोलणार काय?

म्हणून मला वाटतं, पाच-सहा गावांतल्या बागायतदारांनी मिळून स्वतःचं केंद्र काढावं. सोलणं, फोडणं, ड्रायरमध्ये वाळवणं आणि तिथेच तेल काढणं. नारळ वर्षभर येतो, दीड-दोन महिन्यांनी पाडणी होतच राहते. उसासारखे सहा महिने यंत्र झाकून ठेवावं लागत नाही. करवंट्या आणि सोडणं (नारळाची वरची सालं) ड्रायरला जळण म्हणून पुरतात, म्हणजे इंधनाचा मोठा खर्च वाचतो.

ताळेबंद
सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्याचंच माझं काम आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. अशी केंद्रं यंत्राअभावी बंद पडत नाहीत, गल्ल्यात रोकड नसल्यामुळे पडतात. व्यापारी माल उचलतो त्याच दिवशी पैसे देतो. शिवाय लग्नाला, दवाखान्याला तो आधी उचल देतो आणि पुढच्या पाडणीतून कापून घेतो. त्या उचलीत अडकलेला माणूस तुमचा सभासद झाला, तरी नारळ व्यापाऱ्यालाच घालणार. तुमचा ड्रायर अर्धा रिकामा, मजुरी मात्र पूर्ण. दोन वर्षांत कर्जाचा हप्ता थकतो.

आणि 'शेतकऱ्यांचा पैसा, शेतकऱ्यांची संस्था' या घोषणेचं काय होतं ते फिलिपिन्सकडे बघा. हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांच्या काळात, १९७० च्या दशकात, नारळ उत्पादकांकडून लेव्ही (सक्तीची वर्गणी) वसूल झाली. त्या पैशातून बँक घेतली गेली, तेल गिरण्या घेतल्या गेल्या, आणि ताबा गेला सत्तेच्या जवळच्या लोकांकडे. कोर्टकचेऱ्यांत कित्येक दशकं गेली. तो निधी शेतकऱ्यांसाठी वापरण्याचा कायदा झाला २०२१ मध्ये. ज्यांनी लेव्ही भरली त्यांतले किती जण तोवर हयात राहिले असतील?

माडाखाली
ताळेबंद, उचलीचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण फिलिपिन्सची लेव्ही सरकारने सक्तीने घेतली आणि सगळा पैसा एका ठिकाणी साठवला. मी म्हणतो त्या केंद्रात ज्याचा नारळ त्याच्याच डोळ्यांसमोर वजन होतं. इतक्या लांबचं उदाहरण घ्यायचंच, तर पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांचं घ्या. ऑस्ट्रेलियातले कृषी अर्थतज्ज्ञ डॅन इथरिंग्टन यांनी विकसित केलेली छोटी पद्धत तिथल्या खेड्यांत चालते. ताजं खोबरं किसायचं, करवंटीच्या जाळावर तापलेल्या सपाट पत्र्यावर कोरडं करायचं आणि हाताने चालवायच्या दाबयंत्रात पिळायचं. नारळ फोडल्यापासून साधारण तासाभरात तेल. एक-दोन कुटुंबं मिळून चालवतात.

ताळेबंद
पण त्या खेड्यांतलं तेल गोळा करून देशाबाहेर विकणारी कंपनी मागे उभी आहे, ते का सोडलंत? तेल काढणं सोपं असतं. ते महिनोन् महिने त्याच प्रतीचं देणं आणि गिऱ्हाईक टिकवणं अवघड. आठ बागायतदारांची समिती हे रात्री बैठकीत बसून करू शकत नाही. त्याला पगारी माणूस लागतो, आणि त्याचा पगार पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

करवंटी
तुम्ही दोघेही मालकांबद्दलच बोलताय. पहारीवर नारळ सोलणारा आणि दिवसभर वाट्या काढणाऱ्या बायका या कोणाच्याच हिशेबात नाहीत. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे माडच नाही, मग सभासदत्व कुठलं? सोलणाऱ्याचा हात एकदा चुकला तर पहार मनगटात जाते. 'समुदायाचं केंद्र' म्हणायचं आणि समुदायातला निम्मा माणूस रोजंदारीवर ठेवायचा, हे मला पटत नाही. राबणाऱ्यांना मताचा हक्क द्या, तरच माझा पाठिंबा.

आणि पाण्याचं बघा. हजार नारळ फोडले की शंभरएक लिटर पाणी निघतं, काही तासांत आंबतं. ओढ्यात सोडलंत तर खालच्या वस्तीला त्रास. त्याचं व्हिनेगर करता येतं, पण ते पहिल्याच आराखड्यात हवं.

काथ्या
तेलाचा हट्ट सोडा. आधी फक्त वाळवणी करा. एक ड्रायर, एक ओलावामापक, एक काटा. बुरशी टळली की अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीतून तयार होणाऱ्या विषाचा) धोका घटतो, धुराच्या भट्टीवरचं काळपट खोबरं टळतं, आणि तूट किती धरायची हे आकड्यावर ठरतं. भारतात नारळ विकास मंडळानेही रचना खालून वर केली: आधी उत्पादकांच्या सोसायट्या, मग त्यांचे फेडरेशन, मग कंपनी. हा क्रम मला बरोबर वाटतो.

माडाखाली
करवंटी, मताचा हक्क मान्य. सोलणाऱ्यांचा आणि वाट्या काढणाऱ्यांचा प्रतिनिधी समितीत हवाच, आणि पाण्याची सोय इमारतीच्या आधी ठरायला हवी. काथ्या, तुमच्याशी मात्र पूर्ण सहमत नाही. नुसतं खोबरं विकलं तर तेलाची किंमत आणि पेंड दोन्ही पुन्हा दुसऱ्याच्या घरात. वाळवणी पहिली पायरी म्हणून ठीक, पण जागा घेतानाच तेलघाण्याची जागा राखून ठेवा.

ताळेबंद
राखून ठेवा, घाणा मात्र आणू नका. पहिल्या वर्षी सभासदांच्या पाडणीपैकी किती माल खरोखर केंद्रात आला, एवढाच आकडा बघा. निम्म्याहून कमी असेल तर घाण्यासाठी कर्ज काढायला माझा विरोध राहील. आणि भागभांडवलातला मोठा हिस्सा यंत्रात न घालता उचल द्यायला बाजूला ठेवा. व्यापाऱ्याची उचल फेडून शेतकऱ्याला मोकळं करणं हेच केंद्राचं पहिलं काम असेल, तर मीही माझा वेळ देईन. हिशेब तपासायला पैसे घेणार नाही.

करवंटी
उचल मजुरांनाही मिळणार का? ते आधी लिहा.