निक सेबनचे अलाबामातले सीझन, कुठून सुरुवात करू?

दापोलीकर_कबड्डी: आमच्या कॉलेजची कबड्डी टीम मी बघतो, दर तीन वर्षांनी पोरं पास होऊन मुंबईला जातात नि परत शून्यातून सुरुवात. भाचा म्हणाला अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला कोच निक सेबन बघ, तिथेही पोरं बदलतातच तरी त्याची अलाबामा युनिव्हर्सिटीची टीम जिंकायची. कसं काय?

मालवणचो_झील: २००७ पासून बघ रे. पहिल्या वर्षी ७ जिंकल्या, ६ हरल्या, त्यात लुईझियाना-मन्रोसारख्या छोट्या टीमकडून घरच्या मैदानावर हार!! २००९ ला सगळ्या १४ मॅच जिंकून चॅम्पियन, मग २०११, १२, १५, १७ आणि २०२०. सेबनचं म्हणणं स्कोअरबोर्ड बघूच नका, एक डाव साधारण सात सेकंदांचा, तेवढाच नीट खेळा. हे कबड्डीच्या रेडला तर एकदम लागू पडतं.

गुहागर७७: २०१७ च्या सीझनची फायनल बघाच. जॉर्जियाविरुद्ध हाफटाइमला १३-० ने मागे, रेग्युलर क्वार्टरबॅक (बॉल फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू) जेलन हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवायलोआला उतरवलं आणि ओव्हरटाइममध्ये २६-२३ जिंकले. मला स्वतःला हर्ट्सचं जास्त कौतुक, पोरगा रुसून गेला नाही, पुढच्याच सीझनला जॉर्जियाविरुद्धच बेंचवरून येऊन त्यानेच मॅच काढली.

दापोलीकर_कबड्डी: आभार दोघांचे. म्हणजे राखीव पोरांनाही मेन टीमइतकाच सराव द्यायला हवा, आमच्याकडे ती नुसती पाणी द्यायला उभी असतात. सोमवारपासून बदलतो.