प्रतिसाद: पावसाळ्यात खुराडं चारी बाजूंनी बंद करू नका

वर पावसाळ्यासाठी खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधायचा सल्ला आलाय. कृपा करून तसं करू नका. कोकणात कोंबडी पावसाच्या चार थेंबांनी सहसा मरत नाही, कोंडलेल्या दमट हवेने आजारी पडते. विष्ठेतून निघणारा अमोनिया आत साठतो, डोळे-श्वासनलिका चुरचुरतात. आणि खाली अंथरलेल्या ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने लागण करण्याजोगे होतात. खाली वाकल्यावर नाकाला झोंबलं, तर हवा खेळत नाही हे नक्की समजा.

आपल्याकडे झड येते ती नैर्ऋत्य-पश्चिमेकडून. ती एकच बाजू जांभ्याची किंवा पत्र्याची पूर्ण बंद ठेवा. बाकी बाजूंना खाली दीड-दोन फूट भिंत, वर जाळी. छपराची वळचण निदान दोन-अडीच फूट पुढे काढा, म्हणजे पागोळ्या लांब पडतील. छपराखाली, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा वर, फट ठेवाच. गरम ओलसर हवा तिथूनच बाहेर जाते.

जमीन आजूबाजूपेक्षा फूटभर उंच हवी. त्यावर भाताचा तूस, अधूनमधून हलवलेला.

जाळीत पैसे वाचवू नका. षटकोनी कोंबडीजाळी मुंगूस, रानमांजर फाडतात, साप तर सरळ आत शिरतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. समुद्राजवळ घर असेल तर पीव्हीसी लेप असलेली, कारण खाऱ्या वाऱ्यात साधी तार लवकर गंजते.