बोलेरो पिकअपच्या हौद्यातून दोन कुत्री फलटणहून गुहागरला न्यायची आहेत: पिंजरा, कागदपत्रं, घाट?

फलटण_शिवार

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिऱ्हाड गुहागरला हलवतोय. सोबत दोन कुत्री आहेत. एक कारवानी (देशी शिकारी जातीचा) नर, ३ वर्षांचा, २६ किलो. दुसरी लॅब्रेडॉर मादी, ९ वर्षांची, ३२ किलो, नसबंदी झालेली. गाडी बोलेरो पिकअप, सिंगल केबिन, पिवळी पाटी, स्वतःच्या नावावर. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि मी, म्हणजे कुत्री हौद्यातच. रस्ता सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण.

प्रश्न असे:
१) पिंजरा बनवून घ्यावा की पट्ट्याने बांधलं तरी चालेल? हौद्याला बाजूचे फाळके आहेत, वर काही नाही.
२) ताडपत्री टाकावी का?
३) पोलिसांनी अडवलं तर कोणते कागद लागतात?
४) झोपेची गोळी द्यावी असं एकाने सुचवलंय. द्यावी का?

वेल्डिंग_वाला

पिंजराच. कारण पुढे येईलच, आधी माप घ्या. विमानवाल्यांचं सूत्र इथेही कामाला येतं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग, ही झाली पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे रुंदी. कुत्रं उभं असताना डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे उंच असेल तितकी उंची. तुमची लॅब नाकापासून शेपटीपर्यंत ८५ सेंमी आणि कोपर २८ सेंमीवर असेल तर ८५ + १४ = ९९, म्हणजे लांबी १०० धरा. कारवानी अंगाने चिंचोळा असतो, त्यामुळे सूत्राने रुंदी फारच कमी येते. त्याला वळता आलं पाहिजे, ५५ सेंमीच्या खाली जाऊ नका. त्याची मान उंच असते, ती उंचीत धरायला विसरू नका.

‘ऐसपैस असू दे’ म्हणून दुप्पट मोठा पिंजरा करू नका. ब्रेक लागला की कुत्रं रिकाम्या जागेतून घसरत जाऊन जाळीवर आदळतं. अंग टेकायला बाजू जवळ असली की ते स्वतःला सावरतं.

सांगाडा २५ × २५ मिमी चौकोनी पाईपचा, जाडी १.६ मिमी. जाळी वेल्डमेश, तार ३ मिमीची. खालच्या अर्ध्या भागात भोक २५ मिमीचंच ठेवा. ५० मिमीच्या भोकात पंजा अडकतो, आणि कारवान्याचं तोंड निमुळतं असल्याने जबडाही अडकू शकतो. जाळीची कापलेली टोकं आत राहिली तर डोळा जाईल, ती ग्राइंडरने साफ करून घ्या. दार मागच्या फाळक्याच्या दिशेला, दोन कड्या, आणि प्रत्येक कडीत पिन. एकच कडी हादऱ्याने सरकते. छताला दुसरं झाकण ठेवा. गाडी आडवी झाली किंवा दार दबलं तर कुत्रं तिथून काढता येतं. रंग प्रवासाच्या किमान आठवडाभर आधी मारा, ओल्या रंगाच्या वासाने कुत्री बेजार होतात.

बाजारात मिळणारा घडीचा तारेचा पिंजरा घरात ठीक आहे, हौद्यात नाही. त्याचे कोपरे नुसत्या तारेच्या हुकांवर असतात, एका जोरदार ब्रेकला घडी होते.

तळाला नुसता पत्रा नको, उन्हात तो तव्यासारखा तापतो. १२ मिमी प्लाय, त्यावर गोठ्यात टाकतात ती रबरी मॅट, त्यावर गोणपाट.

आता बांधणी. पिंजरे केबिनच्या भिंतीला टेकवून शेजारीशेजारी ठेवा, मध्ये प्लायचा तुकडा. तिथे वाराही कमी आणि आदळआपटही कमी. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग सगळ्यात जास्त उडतो. प्रत्येक पिंजऱ्याला चार कोपऱ्यांतून रॅचेट बेल्ट (दांड्याने आवळत न्यायचा पट्टा). नायलॉनची दोरी ताणते आणि ढिली पडते, रबरी हूकदोरी तर नकोच. हौद्याचे हूक दोरी बांधण्यासाठी असतात, त्यांचं वेल्डिंग आधी हातोडीने ठोकून बघा. हिशेब साधा आहे. २६ किलोचं कुत्रं आणि ३५ किलोचा पिंजरा मिळून ६१ किलो. नुसत्या कडक ब्रेकला ४०-४५ किलोचा ओढा येतो, पण धडकेत १० जी (वजनाच्या दहापट जोर) धरले तर ६०० किलोच्या वर जातो. बेल्टला शिवलेल्या चिठ्ठीवर क्षमता लिहिलेली असते, ती बघून घ्या. निघाल्यावर १५-२० किमीवर थांबून बेल्ट परत आवळा, पहिल्या टप्प्यात ते हमखास सैल होतात.

गुरांचा_डॉक्टर

चौथा प्रश्न आधी. झोपेची गोळी नको. गुंगीतल्या कुत्र्याला तोल सांभाळता येत नाही, रक्तदाब उतरतो, आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायची यंत्रणा मंदावते. मे महिन्यात हे जिवावर बेतू शकतं. ओकारी होत असेल तर मॅरोपिटंट हे उलटीवरचं औषध मिळतं. त्याचा प्रवासासाठीचा डोस साध्या उलटीच्या डोसपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून वजन सांगून तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका.

खाणं निघण्याआधी चार तास, तेही नेहमीच्या निम्मं. पाणी निघेपर्यंत चालू. निघायच्या अगदी आधी फिरवून शी-शू करून घ्या.

खरा शत्रू ऊन आहे. कुत्र्याला घाम जवळजवळ नसतो, धापा टाकूनच ते थंड होतं. लॅब, त्यात नऊ वर्षांची. थोडी जाड असेल तर जास्तच जपा. गाडी चालू असते तोवर वारा असतो. गाडी ढाब्यावर उभी राहिली की पाच-दहा मिनिटांत पिंजरा तापतो, म्हणून थांबा सावलीतच घ्या आणि एक जण पिंजऱ्यापाशी राहू द्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी दिसली तर उष्माघात समजा. लगेच साधं गार पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. बर्फ नको. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, थोड्या वेळात तो उलट उष्णता कोंडतो. पार्श्वभागात थर्मामीटर लावून ३९.५ च्या आसपास आल्यावर पाणी थांबवा आणि थेट दवाखाना गाठा. कुत्रं उठून बसलं तरी दाखवाच, मूत्रपिंडाचा त्रास नंतर वर येतो.

निघायच्या आठ-दहा दिवस आधी पिंजरा अंगणात ठेवा, त्यातच जेवण द्या. मग तो हौद्यात चढवून नुसतं इंजिन चालू ठेवा, नंतर गावातल्या गावात फेरी. हे न करता थेट पिंजऱ्यात कोंडलेलं कुत्रं पहिल्या तासातच जाळी चावून दात मोडून घेतं.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. कलम ११ मध्ये, विनाकारण वेदना किंवा त्रास होईल अशा रीतीने प्राणी वाहून नेणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, रक्कम अजून तीच आहे. तीन वर्षांत पुन्हा घडलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड चिल्लर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खरा ताप गाडी अडकण्याचा असतो.

त्याखाली १९७८ चे प्राणी वाहतूक नियम आहेत आणि त्यात कुत्र्या-मांजरांचं वेगळं प्रकरण आहे. त्यातलं तुमच्या कामाचं: प्रवासाला योग्य असल्याचा आणि रेबीजसह संसर्गजन्य रोगाची लक्षणं नसल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. खाणंपाणी किमान दोन तास आधी दिलेलं हवं, त्यामुळे डॉक्टरांचा चार तासांचा हिशेब त्यात बसतो. पिण्याचं पाणी उन्हाळ्यात दर चार तासांनी, हिवाळ्यात दर सहा तासांनी. माजावर आलेली मादी नरांसोबत न्यायची नाही, तुमच्याकडे तो प्रश्न नाही. सार्वजनिक वाहनातून नेताना पिंजरा टपावर ठेवायचा नाही, वेग शक्यतो एकसारखा ठेवायचा, आणि सोबत एक राखणदार हवा. तुमची गाडी स्वतःची असली तरी हेच पाळा. कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

राखणदार म्हणून कोणाला हौद्यात बसवू नका. माल वाहनाच्या हौद्यात माणूस म्हणजे दंड, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना भांडण. केबिनमध्ये किती जण बसू शकतात ते आरसीवर लिहिलेलं असतं. ‘लॅब म्हातारी आहे, मांडीवर घेतो’ असा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२५ बघा. चालकाच्या ताब्यात अडथळा येईल असं काहीही जवळ ठेवायला मनाई आहे. बोलेरोत गिअरचा दांडा मधोमध, तिथे ३२ किलोचं कुत्रं म्हणजे अडथळाच.

गुरांच्या गाडीत कप्पे करायचा जो नियम आहे, तो गाई-म्हशी, घोडे, शेळ्या-मेंढ्या, डुकरं आणि कोंबड्यांसाठी. नाक्यावर कोणी त्यावर बोट ठेवलं तर शांतपणे सांगा. सोबत ठेवा: दाखला, लसीकरणाची वही, कुत्र्यांसोबतचे तुमचे फोटो.

फलटण_शिवार

सगळ्यांचे आभार. दोन पिंजऱ्यांचा खर्च जरा जड जातोय. कारवान्याला पिंजरा आणि लॅबला नुसता पट्टा असं केलं तर? ती शांत आहे, उडी मारणार नाही. आणि ताडपत्रीचं राहिलंच.

वेल्डिंग_वाला

शांत कुत्रंसुद्धा खड्ड्यात गाडी आपटली की फाळक्यावरून बाहेर जातं, त्यात उडी मारायचा प्रश्नच नाही. गळ्यातल्या पट्ट्याला बांधलेलं असेल तर बाहेरच्या बाजूला लटकून फास बसतो आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. बांधायचंच झालं तर छातीचा हार्नेस, त्याला दोन्ही बाजूंनी दोन दोर, आणि लांबी इतकीच की तोंड कुठल्याच फाळक्यापर्यंत पोहोचणार नाही. तरी डोळ्यांत धूळ, खडी जाणारच. खर्च वाचवायचा तर एकच मोठा सांगाडा करून मध्ये जाळीची भिंत घाला. एक बाजू वाचते.

ताडपत्री वर सावलीपुरती, पिंजऱ्याच्या छतापासून वीतभर उंच. चारही बाजू बंद करून फक्त मागून उघडी ठेवायची चूक करू नका. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथूनच आत ओढला जातो. एक तर बाजू उघड्या ठेवा, नाहीतर पुढून हवा आत येईल अशी फट ठेवा. सायलेन्सरला गळती आहे का ते निघण्याआधीच बघा.

फ्रेस्नोकर

पट्ट्याच्या प्रश्नावर एक माहिती. आमच्याकडे कॅलिफोर्नियात याचा थेट नियम आहे, वाहन संहितेचं कलम २३११७. हौद्यात जनावर न्यायचं तर हौदा बंदिस्त हवा किंवा तळापासून किमान ४६ इंच, म्हणजे ११७ सेंमी उंचीचे कठडे हवेत. ते नसतील तर जनावर बाहेर फेकलं जाणार नाही अशी सोय गाडीत केलेली हवी, किंवा दोन्ही बाजूंनी बांधलेलं हवं, किंवा घट्ट बसवलेल्या पिंजऱ्यात. शेतकऱ्याच्या कुत्र्याला ग्रामीण रस्त्यावर सूट आहे. पिकअपचे फाळके त्या ४६ इंचांच्या जवळपासही पोहोचत नाहीत, म्हणून इथे पिंजराच जास्त दिसतो.

घाटवाट

गाडी रिकामी नेणार असाल तर कुत्र्यांचे हाल आहेत. बोलेरोचे मागचे पाटे (स्प्रिंगा) टनाच्या वर मालासाठी बनवलेत, रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर उसळते. बिऱ्हाडातलं जड सामान किंवा पेंडीची पोती, २५०-३०० किलो, मागच्या चाकांच्या थोडं पुढे ठेवा. पण बांधून. सुटं पोतं पिंजऱ्यावर पडलं तर केलेली सगळी मेहनत पाण्यात. मागच्या टायरमध्ये पूर्ण लोडची हवा ठेवू नका, माल किती आहे ते बघून दाराजवळच्या तक्त्याप्रमाणे भरा.

पहाटे तीनला निघा, म्हणजे साताऱ्याजवळ गर्दी लागत नाही आणि ऊन चढायच्या आत घाट उतरून होतो. घाटात खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरा. वळणात शिरायच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक मारला की पिंजऱ्यातलं कुत्रं एका कुशीवर फेकलं जातं. कुंभार्लीत कठड्यावर माकडं बसलेली असतात. तिथे चहाला अजिबात थांबू नका, कारवानी पिंजरा डोक्यावर घेईल. पाण्याचा थांबा घाटाच्या आधी कोयनानगरला उरका, पुढचा थेट चिपळूणला.

थांब्यावर दार उघडण्याआधी जाळीतूनच हार्नेसला दोरी अडकवा, मग कडी काढा. कुत्री पळतात ती याच क्षणी, आणि कारवानी एकदा सुटला की माणसाच्या हाती लागत नाही. लॅबला फाळक्यावरून उडी मारू देऊ नका, या वयात खांदे आणि कोपरे दुखावतात. दीड-दोन मीटरची फळी, वर गोणपाट ठोकलेलं, सोबत ठेवा. चढायलाही तीच कामाला येईल.

फलटण_शिवार

मधली भिंत घालून एकच सांगाडा, ठरलं. वेल्डिंग_वाला, दोन्ही कप्प्यांना दारं वेगळी आणि छताची झाकणंही वेगळीच ठेवायची ना?

वेल्डिंग_वाला

हो, दारं दोन, झाकणंही दोन. मधल्या भिंतीला जाळीवर एका बाजूने प्लाय मारा, नाहीतर एकाची ओकारी दुसऱ्याच्या अंगावर.