डोंगरीचं बालगृह: स्थापना १८०४ की १९२७?

उमरखाडीकर विचारतात:
मुंबईतल्या डोंगरीच्या बालगृहावर लेख लिहायला घेतलाय. एका ठिकाणी स्थापना १८०४ दिली आहे, दुसरीकडे १९२७. टिळक-आगरकर याच जागी कैदेत होते का? आणि तिथे राहून गेलेल्या मुलांच्या नोंदी बघायला मिळतात का?

जुनं_दप्तर:
दोन्ही सालं बरोबर, पण एक भिंतींचं आणि एक संस्थेचं. १८०४ हे उमरखाडीच्या तुरुंगाचं साल, त्याच जुन्या तुरुंगाच्या जागेत आज बालगृह आहे. टिळक-आगरकर १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात (कोल्हापूर संस्थानचे दिवाण बर्वे यांची बदनामी) होते ते याच तुरुंगात. शिक्षा चार महिन्यांची, प्रत्यक्षात भोगली १०१ दिवस.
मुलांची गोष्ट सुरू होते ती कायद्यापासून. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवा म्हणून बजावलं, १९२४ ला मुंबईचा बालक कायदा झाला आणि तो राबवायला १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी, म्हणजे हे बालगृह चालवणारी संस्था, उभी राहिली. लेखात "१८०४ पासून मुलांची सेवा" असं काही लिहू नका, भलतंच होईल.
"देशातला पहिला बालक कायदा मुंबईचा" हेही टाळा. मद्रास १९२०, बंगाल १९२२, मग आपण.

कलम_७४:
नावांचा घोळ आधी सोडवा. लोक सरसकट "रिमांड होम" म्हणतात. आजच्या बाल न्याय कायद्यात (२०१५) निरीक्षणगृह म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे आणि चौकशी चालू आहे अशा मुलांसाठी, ते बाल न्याय मंडळाच्या अखत्यारीत. बालगृह म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी, तिथे बालकल्याण समिती. जुन्या कागदात दोन्ही एकाच शब्दाखाली सापडतात.
वयाची रेघही सरकत गेली. १९८६ च्या कायद्यात मुलगा १६ पर्यंत, मुलगी १८ पर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांनाही १८ केलं (लागू १ एप्रिल २००१). म्हणजे १९९५ मधला सतरा वर्षांचा आरोपी मुलगा इथल्या नोंदीत शोधून उपयोग नाही, तो मोठ्यांच्या कोर्टात गेलेला असणार. दशकांचे आकडे शेजारी ठेवून "संख्या वाढली" म्हणण्याआधी हे बघा.

जुनं_दप्तर:
कागद कुठे? काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. ओळखपत्र आणि शक्यतो संस्थेचं पत्र सोबत न्या. तुरुंगासाठी ज्युडिशिअल डिपार्टमेंटची वर्षवार बाडं मागवा, आधी सूची चाळून. इंग्रजीत उमरखाडीची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हेची आहेत, एकाच स्पेलिंगने शोधलंत तर अर्धे कागद निसटतात. "कॉमन प्रिझन" या नावानेही बघा. भायखळ्याचं "हाउस ऑफ करेक्शन" वेगळं, आणि माहीमची डेव्हिड ससून शाळा (१८५७) तर पूर्णच वेगळी. तिचा इतिहास डोंगरीच्या खात्यात घालण्याची चूक हमखास होते.

उमरखाडीकर:
आणि मुलांच्या फायली?

कलम_७४:
त्या मिळणार नाहीत, आणि मिळू नयेतच. २०१५ च्या कायद्याचं कलम ७४: मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरल्याच्या नोंदी अपिलाची मुदत किंवा सात वर्षं झाली की नष्ट करायच्या असतात (अतिगंभीर गुन्ह्यांना अपवाद). तेव्हा फाईल नाही म्हणजे हलगर्जीपणा, असा निष्कर्ष काढू नका.
तुम्हाला वापरता येतील ते वार्षिक अहवाल आणि १९२४ च्या बालक विधेयकावरची कौन्सिलमधली (तेव्हाचं मुंबईचं कायदेमंडळ) चर्चा. आवारात फोटो काढायचे तर आधी लेखी परवानगी, आणि चौकटीत मूल येता कामा नये, पाठमोरंसुद्धा.